प्रायव्हेट ओनर वॅगनचा खरा रंग कसा शोधायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश मॉडेल रेल्वे करणारे मराठी लोक मोजकेच, पण जे आहेत ते सगळे मला हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय. मी ओओ स्केलमध्ये (खऱ्या फुटाला मॉडेलचे ४ मिलिमीटर) काम करतो, काळ १९२० ते १९३९, त्यामुळे उदाहरणं जास्त करून त्याच काळातली येतील.

प्रायव्हेट ओनर वॅगन म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ट्रकच्या फाळक्यावर मालकाचं नाव, गाव, "प्रो. प्रा." आणि खाली मोबाईल नंबर रंगवलेला असतो ना, तसंच, फक्त मालगाडीच्या डब्यावर. ब्रिटनमध्ये रूळ आणि इंजिन रेल्वे कंपनीचं, पण कोळशाच्या वॅगन बऱ्याचदा खाणवाल्याच्या किंवा कोळसा विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या स्वतःच्या, रेल्वे त्या फक्त ओढून न्यायची आणि भाडं घ्यायची. व्यापाऱ्याला ते परवडायचं कारण वॅगन म्हणजे त्याचं चाकावरचं गोदाम, यार्डात उभी करून त्यातूनच थोडा थोडा कोळसा विकायचा, रेल्वेची वॅगन तशी अडवून ठेवली असती तर डेमरेज, म्हणजे अडवून ठेवल्याचा दंड, लागलं असतं. कोळशाशिवाय मीठ, चुना, दगड, डांबर, पेट्रोल यांच्याही होत्या, पण दहापैकी नऊ वेळा तुम्ही कोळशाचीच बनवणार.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अशा पाच लाखांहून जास्त वॅगन धावत होत्या. १९३९ मध्ये खास कामाच्या काही सोडून बाकी सगळ्या सरकारने ताब्यात घेऊन एका सामायिक ताफ्यात टाकल्या आणि १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रीयीकरण झालं, तिथे मालकी कायमची संपली.

मला फक्त रंग सांगा ना, बाकी अभ्यास नकोय.

सांगितला असता. पण होतं काय, की रंग ही सगळ्यात शेवटी कळणारी गोष्ट आहे, आणि लोक सुरुवातच तिथून करतात. आधी हे ठरवा की हा मालक कोण, त्याचा कोळसा कुठून यायचा, वॅगन कोणत्या साली कोणी बांधली, आणि ती तुमच्या मॉडेलमधल्या स्टेशनात येण्याचं कारण काय. हे चार प्रश्न सुटले की रंगाचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात. हे न करता नुसतं "लाल का काळा" विचारलं की जो जोरात बोलतो त्याचं खरं मानलं जातं, आणि मग तोच रंग दहा जणांच्या ले-आउटवर, म्हणजे मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, दिसतो आणि अकराव्याला वाटतं की दहा जण चुकतील कसे.

फोटो कुठून मिळवायचे?

सगळ्यात भरवशाचे फोटो म्हणजे वॅगन बांधणाऱ्या कंपन्यांचे अधिकृत फोटो. नवी वॅगन कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी तिचा बाजूने फोटो काढायचा रिवाज होता. ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनीचं नाव इथे पहिलं घ्यायला हवं, कारण त्यांच्या बऱ्याच फोटोंमध्ये वॅगनला टेकवून एक पाटी ठेवलेली असते आणि तिच्यावर मालकाचं नाव, महिना-साल आणि रंगसुद्धा लिहिलेला असतो, म्हणजे बॉडी अमुक, अक्षरं अमुक, लोखंड काळं. अशी पाटी सापडली की समजा लॉटरी लागली. हा संग्रह ग्लॉस्टरशायर आर्काइव्ह्जमध्ये आहे. वेकफील्डजवळच्या चार्ल्स रॉबर्ट्स आणि मदरवेलच्या हर्स्ट नेल्सन यांचेही फोटो आहेत. हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी ही १९५० पासूनची संस्था, तिचा फोटोंचा साठा प्रचंड आहे आणि मेंबर नसलात तरी प्रिंट विकत मागवता येते.

दुसरा प्रकार म्हणजे सहज काढलेले फोटो, स्टेशनचा पोस्टकार्ड फोटो, पूर आलाय, अपघात झालाय, आणि मागे कोपऱ्यात तुमची वॅगन उभी. मला हे जास्त आवडतात, कारण अधिकृत फोटोतली वॅगन म्हणजे बोहल्यावर चढलेला नवरदेव, तो रोज तसा दिसत नाही. एअरोफिल्म्स कंपनीने १९१९ पासून विमानातून काढलेले फोटो ऑनलाइन बघता येतात, यार्डावर झूम करा, नाव क्वचितच वाचता येतं पण गडद किती आणि फिक्या किती हे मस्त कळतं.

ब्लॅक अँड व्हाईट फोटोवरून रंग ओळखता येतो का?

नाही. पण कोणता रंग *नाही* हे बऱ्याचदा सांगता येतं.

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण निम्म्या चुका इथेच होतात. त्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म किंवा प्लेट लाल रंगाला जवळजवळ आंधळी असते. म्हणजे लालभडक वॅगन फोटोत काळीकुट्ट येते आणि निळी मात्र अपेक्षेपेक्षा फिकी. अजून जुन्या प्लेटा तर फक्त निळ्याला दाद द्यायच्या, त्यात पिवळासुद्धा काळपट पडतो. त्यामुळे फोटोत काळी दिसणारी वॅगन काळी, लाल, चॉकलेटी, गेरू यातली कुठलीही असू शकते.

मग बघायचं काय, तर लोखंडी पट्ट्या. कोपऱ्यावरच्या आणि दाराच्या पट्ट्या बऱ्याचदा काळ्या रंगवलेल्या असायच्या. त्या बॉडीपेक्षा जराशा जरी गडद दिसल्या तरी बॉडी काळी नाही हे नक्की. तसंच अक्षरांची सावली, पांढऱ्या अक्षराला बॉडीपेक्षा वेगळी सावली दिसत असेल तर तिथूनही थोडा अंदाज लागतो, कारण काळ्या बॉडीवर काळी सावली कोण रंगवेल.

घरी करायचा एक प्रयोग सांगतो. तुमच्याकडच्या रंगांचे चौकोन एका पुठ्ठ्यावर रंगवा, मोबाईलने फोटो काढा, फोटो एडिटरमध्ये लाल चॅनल बंद करून फक्त निळा आणि हिरवा ठेवून ग्रे करा. अगदी जुन्या फिल्मसारखं होत नाही, पण लाल आणि काळा शेजारी शेजारी कसे एकरूप होतात ते डोळ्यांनी बघितलं की पुढे कुणाशी वाद घालायची इच्छाच राहत नाही.

आणि हो, फोटोत चाकांची कड पांढरीशुभ्र दिसली तर ती फोटोपुरती रंगवलेली आहे, मॉडेलवर करू नका. काही वॅगन तर फोटोसाठी मुद्दाम करड्या रंगवायचे म्हणजे अक्षरं उठून दिसावीत.

तुमची स्वतःची कधी फसगत झाली का?

पहिलीच वॅगन. इंग्लंडमधल्या फॉरेस्ट ऑफ डीनच्या बाजूच्या एका छोट्या व्यापाऱ्याची, फोटोची झेरॉक्स माझ्याकडे होती आणि ती इतकी काळी होती की मी डोळे झाकून काळा मारला, वर पांढरी अक्षरं, तीन रविवार गेले. वर्षभराने त्याच फोटोची चांगली प्रिंट आली. टेबललॅम्पखाली भिंग धरून बसलो, खाली डाव्या चाकाजवळ पाटी होती जी झेरॉक्समध्ये नुसता धब्बा झाली होती, आणि तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं, चॉकलेट. बायको म्हणाली कोळशाची गाडी आहे, कोळसा लागून काळी झाली म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मी ती वॅगन यार्डाच्या अगदी मागच्या रुळावर उभी केलीये, अजून तिथेच आहे.

"लेड कलर" म्हणजे कोणता?

करडा. शिशाच्या सफेद्यात काळा मिसळून केलेला, कधी त्यात निळसर झाक. भानगड अशी की शिशाचा रंग गंधकाच्या धुराने काळवंडतो आणि रेल्वे यार्डात त्या धुराला काय तोटा, त्यामुळे नवी वॅगन फिकट राखाडी आणि चार वर्षांनी तीच वॅगन गडद. दोन वेगवेगळ्या साक्षीदारांनी दोन वेगळे रंग सांगितले तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

लाल म्हणाल तर तो बहुतेक आपला गेरूच, आयर्न ऑक्साइड, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून सगळ्यांचा लाडका. फायर ब्रिगेडसारखा चकचकीत लाल थेट डबीतून काढून मारू नका, थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळा, लहान मॉडेलवर भडक रंग खेळण्यासारखा दिसतो.

वॅगनवरच्या बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं?

खरा खजिना तिथेच आहे, मोठं नाव तर कोणीही वाचेल.

एक ओळ असते "एम्प्टी टू", म्हणजे रिकामी झाली की कुठे परत पाठवायची. त्यात खाणीचं नाव आणि पुढे रेल्वेची आद्याक्षरं. ती एम.आर. म्हणजे मिडलँड रेल्वे असतील तर अक्षरं १९२३ च्या आधीच्या पद्धतीची, एल.एम.एस. म्हणजे लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश असेल तर नंतरची, कारण १९२३ मध्ये जवळजवळ सगळ्या छोट्या-मोठ्या कंपन्या चार मोठ्या कंपन्यांमध्ये विलीन झाल्या. जी.डब्ल्यू.आर. म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वे असेल तर मात्र यावरून काही कळत नाही, ते नाव आधीही तेच आणि नंतरही तेच.

दुसरी ओळ टेअर, म्हणजे रिकाम्या वॅगनचं वजन, ते ६-१२-२ असं लिहितात, सहा टन, बारा हंड्रेडवेट, दोन क्वार्टर. वीस हंड्रेडवेटचा एक टन आणि चार क्वार्टरचा एक हंड्रेडवेट. आजी शेर-पायलीचा हिशोब करायची त्याची आठवण येते. मॉडेलवर इथे तिसरा आकडा ४ किंवा ५ छापलेला दिसला की समजायचं, छापणाऱ्याला अर्थ माहीत नव्हता.

तिरका पांढरा पट्टा दिसला तर तो सजावट नाही. ज्या टोकाला उघडणारं दार आहे त्या बाजूला तो वर चढत जातो, बंदरावर वॅगन तिरकी करून कोळसा ओतताना कुठलं टोक पुढे हवं हे लांबून कळावं म्हणून. एक टोक दाराचं, एक टोक बंद, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब होतात. डिकॅल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं-पट्टे, लावताना मी एकदा दोन्हीकडे सारखेच लावले होते.

शिवाय खालच्या लांब तुळईवर, म्हणजे सोलबारवर, बिडाच्या छोट्या प्लेटा असतात. एक बांधणाऱ्याची, एक रजिस्ट्रेशनची, तिच्यावर रेल्वे कंपनी, नंबर आणि साल. फोटोत वाचता आली तर वॅगनचा जन्मदाखलाच हातात आला.

दुकानात मिळणाऱ्या रेडीमेड वॅगनवरचे रंग बरोबर असतात का?

काही अगदी बरोबर, काही अर्धे बरोबर, काही निव्वळ कल्पना. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अर्ध्याचा: नाव खरं, रंग खरा, पण वॅगनच चुकीची. कारण कंपनीकडे साचे दोन-तीनच, त्यावर शंभर मालक छापायचे. १८९० च्या सुमाराच्या पाच फळ्यांच्या वॅगनवरची अक्षरं सात फळ्यांच्या वॅगनवर ताणून बसवलेली असतात.

मी एकदा एका दुकानाची खास मर्यादित आवृत्ती महागात घेतली, सोबत सर्टिफिकेट वगैरे. नंतर शोधलं तर तो व्यापारी धंदा गुंडाळून गेला होता पहिल्या महायुद्धाच्याही आधी, आणि वॅगन होती १९२३ च्या नमुन्याची. सर्टिफिकेट कशाचं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

मग वॅगनचा नमुना बरोबर आहे हे कसं तपासायचं?

रेल्वे क्लिअरिंग हाऊस ही १८४२ ची संस्था, कंपन्यांमधला हिशोब मिटवायची, आणि प्रायव्हेट वॅगन कशी बांधायची याचे नियमही तीच काढायची. १८८७, १९०७ आणि १९२३ ही तीन सालं पाठ करा. १९२३ ची बारा टनी वॅगन बॉडीला १६ फूट ६ इंच लांब, ८ फूट रुंद, चाकांमधलं अंतर ९ फूट. ओओ म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर, म्हणून मॉडेल ६६ बाय ३२, चाकांमध्ये ३६. पट्टी लावून बघा, स्वस्तातल्या जुन्या मॉडेलमध्ये इथेच दोन-तीन मिलिमीटरचा घोळ असतो.

जुन्या वॅगनना ग्रीसचे अॅक्सलबॉक्स (चाकाच्या आसाच्या टोकावरचे डबे) आणि बऱ्याचदा एकाच बाजूला ब्रेक, नव्यांना तेलाचे बॉक्स आणि दोन्हीकडे ब्रेक. बफर जर स्प्रिंगचे नसून नुसते लाकडी ठोकळे असतील, ज्यांना डंब बफर म्हणतात, तर ती वॅगन पहिल्या महायुद्धानंतरच्या मेन लाईनवर ठेवू नका. एवढं पुरे.

भारतात बसून हे सगळं कसं करणार?

उलट आता बरंच घरबसल्या होतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे फुकट ठेवलेत, त्यात स्टेशनची प्रत्येक सायडिंग म्हणजे बाजूचा रूळ, कोल डेपो, वजनकाटा दिसतो. लेस्टर विद्यापीठाने जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या स्कॅन केल्यात, त्यात गावागावातले कोळसा व्यापारी पत्त्यासकट. वेल्सची १९१९ पर्यंतची वर्तमानपत्रं नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सच्या साइटवर फुकट वाचता येतात. लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात भागीदारी मोडल्याच्या आणि दिवाळ्याच्या नोटिसा सापडतात, त्यातून मालकाचं नाव कोणत्या साली बदललं ते कळतं. "अँड सन्स" कधी जोडलं गेलं, कधी निघालं, यावर मी एक आख्खी दिवाळीची सुट्टी घालवलीये आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

फोटोची प्रिंट मात्र मागवावी लागते आणि पाउंडात पैसे जातात. आणि विकत घेतलेली प्रिंट तुमच्या भिंतीसाठी, ती नेटवर टाकायच्या आधी आर्काइव्हला विचारा.

ही वॅगन माझ्या स्टेशनात आली असती का?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला फार आवडतो.

साधा हिशोब: यार्डात स्थानिक व्यापाऱ्याच्या एक-दोन, तो ज्या खाणींतून माल घ्यायचा त्या खाणींच्या काही, आणि कोळशाच्या मोठ्या घाऊक दलालांच्या काही. कोळसा सगळा सारखा नसतो. घरच्या शेगडीचा बराचसा मिडलँड्समधून, जहाज आणि इंजिनाचा स्टीम कोल साउथ वेल्समधून, गॅस बनवायचा डरहॅमकडून. म्हणून गॅसवर्क्सच्या सायडिंगला आणि स्टेशनच्या यार्डाला वॅगन वेगळ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा, ईशान्य इंग्लंडमध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कोळशाच्या वॅगन बहुतेक स्वतःच पुरवायची, तिथे प्रायव्हेट वॅगनांची रंगपंचमी केलीत तर जाणकार हसतील.

उलट साउथ वेल्समध्ये बंदराकडे जाणारी पूर्ण गाडी एकाच मालकाची असू शकते. ऱ्होंडामधल्या डेव्हिड डेव्हिसच्या ओशन कोल कंपनीच्या काळ्या वॅगन, त्यावर पांढऱ्या टोलेजंग अक्षरांत नुसतं "ओशन". याच डेव्हिसने पुढाकार घेऊन बॅरी बंदर उभं केलं, ते १८८९ मध्ये सुरू झालं. चाळीस एकसारख्या काळ्या वॅगन बनवणं कंटाळवाणं आहे हे मान्य, पण चाळीस मालकांच्या चाळीस रंगांच्या गाडीपेक्षा ती शंभर पट खरी दिसते.

१९४८ नंतरच्या ले-आउटवर या वॅगन चालतील का?

चालतील, आणि मजा येते. युद्धात रंगकाम बंदच पडलं, फळी तुटली तर कोरी फळी ठोकायची आणि सोडायचं, त्यामुळे मालकाच्या नावाची मधली दोन अक्षरंच गायब. ब्रिटिश रेल्वेने या वॅगनांना पी अक्षराने सुरू होणारे नंबर दिले, काळ्या पट्ट्यावर पांढरे. म्हणजे फिकटलेलं जुनं नाव, मध्ये उघडं लाकूड आणि कोपऱ्यात नवा नंबर. आतली बाजू तर मुळात कधीच रंगवलेली नसायची, तिथे लाकूडच दाखवा.

नंबर कुठला टाकू?

फोटोतला. फोटो एकच असेल आणि तीन वॅगन हव्या असतील तर मालकाकडे तेवढ्या होत्या का ते आधी बघा. नंबर मोठा म्हणून वॅगन पुष्कळ असं समजू नका, दोन वॅगनचा मालकसुद्धा बऱ्याचदा १०१, १०२ असे नंबर टाकायचा म्हणजे लोकांना वाटावं शेठ मोठा आहे.

अक्षरांसाठी फॉन्ट कोणता वापरू?

कुठलाच नको. ही अक्षरं पेंटरने हाताने काढलेली, फळ्यांच्या रेषा बघून बसवलेली. फोटो कॉम्प्युटरवर सरळ करून त्यावरून ट्रेस करा. फॉन्ट वापरलात की दोन "ओ" तंतोतंत सारखे येतात आणि तिथेच पितळ उघडं पडतं. घरच्या इंकजेटला पांढरी शाई नसते, त्यामुळे पांढरी अक्षरं हवी तर पांढऱ्या डिकॅल पेपरवर बॉडीचा रंगच छापावा लागतो आणि मग कडा जुळवत बसायचं.

एआयने रंगवलेला फोटो पुरावा म्हणून चालेल?

नाही. त्याला फिल्म लालला आंधळी होती हे माहीत नसतं, त्याला काळं दिसतं, तो काळं ठेवतो.

म्युझियममधली किंवा हेरिटेज लाईनवरची (जुन्या गाड्या जपून चालवतात त्या मार्गावरची) खरी वॅगन बघून रंगवली तर?

मापं जरूर घ्या, रंग सांभाळून. बऱ्याच वॅगन जतन करताना नव्याने रंगवल्यात, कधी देणगीदाराच्या आवडीच्या नावाने, आणि ते नाव त्या वॅगनवर कधीच नव्हतं.

काहीच सापडलं नाही तर?

तर अंदाज करा, पण तो अंदाज आहे हे लिहून ठेवा. मी प्रत्येक वॅगनच्या पोटाला कागदाचा छोटा तुकडा चिकटवतो, त्यावर फोटो कुठला, नाव-नंबर पक्का का, रंग पक्का का. पक्क्याला एक टिक, अंदाजाला प्रश्नचिन्ह. माझ्या तेवीस वॅगनपैकी रंगाला टिक फक्त नऊवर आहे.

माझ्या आडनावाची वॅगन बनवली तर लोक हसतील का?

अजिबात नाही, तिकडचेही कितीतरी जण करतात. नाव काल्पनिक असलं तरी बाकी सगळं नियमात बसवा, १९२३ चा नमुना, जवळच्या खरोखरच्या कोळसा पट्ट्याची "एम्प्टी टू" ओळ, बेताचा नंबर. माझीही एक आहे, गेरू रंगाची, पांढरी अक्षरं, नंबर १०१. १०२ नाहीये.